गहाण की विक्री?

घरासाठी कर्ज काढणे हे पाप आहे काय, असे पुष्कळ बंधूंच्या मनांत येते. आम्हांस वाटते, दोष कर्जात नाही. फेडीचा हिशेब न करिता दिलेल्या वचनात आहे. बुरूज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो, हा दृष्टांत चिखली-मेहकरच्या शेतकऱ्यासही लागू आहे. सोयाबीन बुडाले तरी हप्ता थांबत नाही.

दुसरे असे की, गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून मागून "पैसे फेडताच घर परत देईन" असे कोणी तोंडी म्हणेल, तर सही करू नये. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील 1929 च्या दुरुस्तीप्रमाणे, परतीची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. लेखी मागणे हा अविश्वास नव्हे. लेकरांचे छप्पर न वाचलेल्या कागदावर सोपविणे ही श्रद्धा नव्हे, हयगय होय.