पांढरे सोने आणि दानाचा हिशेब

वऱ्हाडातली बाजारगावे वाढली ती पांढऱ्या सोन्यावर, म्हणजे कपाशीवर. 1853मध्ये निजामाच्या वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. 1861मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या इकडे वळल्या. त्याच दशकात रेल्वे आली आणि अकोला, अमरावती, खामगावच्या बाजारांत पैसा खेळू लागला. या गावांचा इतिहास शोधताना धर्मातला एक जुना प्रश्न आडवा येतो: घाट, देऊळ, धर्मशाळा बांधल्याने सावकारीच्या कमाईतला दोष फिटतो का?

दानाची नोंद दगडावर असते. पायरीवर किंवा सभामंडपाच्या खांबावर दात्याचे नाव, गाव, साल कोरलेले सापडते. कर्जाची नोंद गहाणखतात आणि सावकाराच्या वहीत असते: शेताच्या चतुःसीमा, व्याजाचा दर, खाली सही न येणाऱ्या कुणब्याचा अंगठा. दगड टिकतो, कागदाला वाळवी लागते. त्यामुळे गावाचा इतिहास नकळत दात्यांचा होतो आणि सरकी पेरणारा त्यातून गळतो. हा अन्यायच आहे. 1899-1900च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले. त्या सालाचे दानलेख आणि गहाणखते शेजारी ठेवून वाचायला हवीत.

परंपरेने या प्रश्नाला सोपे उत्तर दिलेले नाही. वऱ्हाडातले कारंजा हे जैन भट्टारकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, गाद्यांचे आणि हस्तलिखितांचे मोठे केंद्र होते. जैन गृहस्थाचे व्रत दानाच्याही आधी परिग्रहालाच, म्हणजे संग्रहालाच, मर्यादा घालते. तुकोबांनी धन त्याज्य मानले नाही, पण ते सचोटीने जोडावे अशी अट घातली. स्वतःच्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. म्हणजे आधी ऋणको मोकळा, मग पुण्याची गोष्ट.

गाडगेबाबांचे उदाहरण याहून अवघड आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876मध्ये जन्मलेल्या डेबूजींनी, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांनी, मामाच्या घरी सावकारीचा फास जवळून पाहिला. 1905मध्ये घर सोडल्यावर मात्र त्यांनी श्रीमंतांकडूनही पैसा घेतला. पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधला, तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या. कीर्तनात ते कर्ज काढून सण करू नका म्हणून सांगत. पैसा कुठून आला यापेक्षा तो कुणाच्या हाती जातो, याकडे त्यांचे लक्ष होते. दात्याचा दोष दानाने फिटतो का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. बांधलेल्या वास्तूंवर त्यांनी स्वतःचा किंवा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही; पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.