सांडपाण्यातले तणनाशक कुणाचे?

नदीत तणनाशक सापडले की बोट शेताकडे वळते. शेतकऱ्याने फवारले, पावसाने धुऊन नेले, विषय संपला. पण ना फवारणी ना पाऊस अशा दिवसांतही तेच द्रव्य शहराच्या सांडपाण्यात का सापडावे?

स्वित्झर्लंडमधले मेकोप्रॉपचे प्रकरण इथे पाहण्यासारखे आहे. हे रुंद पानांचे तण मारणारे औषध. १९९०च्या दशकात तिथल्या संशोधकांना ते सपाट छपरांवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यात मिळाले. आता छपरावर तण कोण मारतो? तर गळती थांबवणाऱ्या डांबरी पट्ट्यांत झाडांची मुळे घुसू नयेत म्हणून ते कारखान्यातच मिसळलेले होते. (छप्पर हिरवे हवे, मुळे मात्र नकोत!) मेकोप्रॉपचा रेणू डाव्या-उजव्या हातांसारखा दोन रूपांत असतो. तण मरते ते एकाच रूपाने, म्हणून तिथल्या शेतात तेवढेच वापरत. पट्ट्यांत मात्र दोन्ही. नुसते ‘किती’ न मोजता ‘कोणत्या हाताचे किती’ हे मोजल्यावर छपरांचा वाटा उघडा पडला, आणि तो शेतीच्या तोडीचा निघाला. मातीतले जिवाणू हे प्रमाण बदलू शकतात, त्यामुळे हा पुरावाही जपूनच वाचायचा.

मुळात हे मोजणेच जिकिरीचे. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे १ कोटी लिटरमध्ये १ ग्रॅम. १९८० साली ती ठरली ती विषारीपणाचा हिशेब मांडून नव्हे. त्या काळच्या उपकरणांना जेमतेम दिसेल एवढी, म्हणजे जवळपास शून्य. त्यात सांडपाण्यात साबण, मूत्र, तेल, औषधे सगळेच. ग्लायफोसेट हे तणनाशक तर पाण्याशी इतके एकजीव होते की नमुना घट्ट करायच्या नेहमीच्या नळकांड्यांत ते अडकतच नाही. आधी त्याला दुसरा रेणू चिकटवतात, मग ते हाती लागते. शिवाय जड अणूंनी बनवलेले ग्लायफोसेट मोजून नमुन्यात टाकतात. सांडपाण्यातल्या या भेसळीमुळे यंत्र ते जितके कमी दाखवेल, तितकी तूट खऱ्या आकड्यात भरून काढता येते.

एवढ्या कष्टाने आलेला आकडाही आरोपीचे नाव सांगत नाही. २०२४ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातल्या नद्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा ग्लायफोसेटचा आलेख फवारणीशी जुळेना. तो सांडपाण्याशी जुळला. त्यांचा संशय कपडे धुण्याच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फोनेटांवर आहे. त्यांतल्या एकापासून मॅंगनीजच्या सान्निध्यात ग्लायफोसेट तयार होते, हे पुढे प्रयोगशाळेत दिसलेही. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी? शेतकरी अगदीच संन्यासी आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या नद्यांत हाच आलेख फवारणीच्या मागोमाग चढतो. पण दोन्हीकडे निकाल एकच लावणे हा आळस आहे.

आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, ॲट्राझिन आणि २,४-डी या तणनाशकांना लिटरला अनुक्रमे २ आणि ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. ग्लायफोसेटचे नावच नाही. ते घालायचे तर नाल्याच्या पाण्याच्या ज्या बाटलीत ग्लायफोसेट मोजायचे त्याच बाटलीत फॉस्फोनेट मोजावेत आणि मिरगीवरचे औषध कार्बामाझेपिनही, जे कुणी शेतात फवारत नाही, म्हणून ते सांडपाण्याची खूण ठरते. नमुने खरिपाबरोबरच एप्रिल-मेमध्येही घ्यावेत, जेव्हा शहरातल्या नाल्याला बहुतेक घरांचेच पाणी असते.