गीता १७.२०–२२ : पगारकपात हे दान आहे का?

आजच्या वाचनाला १७व्या अध्यायातले २०, २१ आणि २२ हे तीन श्लोक आहेत. दानाचे तीन प्रकार. शाळेत पाठांतर स्पर्धेसाठी घोकलेले श्लोक, त्यामुळे तोंड पुढे जातं आणि डोकं मागे राहतं. या खेपेला मात्र अडकलो, आणि अडकवलं फुटबॉलने.

माझा मावसभाऊ मडगावला असतो. एफसी गोवाचा कट्टर. फातोर्ड्याला सामना असला की त्याचा फोन लागत नाही. परवा त्यानेच फोन केला आणि म्हणाला, "तू रोज गीतेवर लिहितोस ना, मग सांग, आमच्या पोरांनी पगार कमी करून घेतला, तो त्याग की मूर्खपणा?" मी पटकन म्हटलं, त्याग. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण इतक्या झटकन कसं काय बोललो?

ज्यांनी हे प्रकरण फॉलो केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी आणि भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नवा करार होईना, म्हणून ११ जुलैला लीग थांबवून ठेवत असल्याचं क्लबांना कळवलं गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला बंगळुरू एफसीने पहिल्या संघातले खेळाडू आणि स्टाफ यांचे पगार बेमुदत थांबवले. सुनील छेत्री त्या संघात, आपला मुंबईचा राहुल भेकेही. हक्कांसाठी निविदा काढली, तर एकही बोली आली नाही. डिसेंबरअखेर मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. जानेवारीत खेळाडूंनी व्हिडिओ करून फिफाला साद घातली. काही दिवसांत क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीपासून लीग सुरू होईल असं जाहीर केलं, तीही छोट्या स्वरूपात. आणि त्याच जानेवारीत एफसी गोवाच्या बहुतेक खेळाडूंनी पगारातली कपात मान्य केली.

हा हरणारा संघ नव्हता हे लक्षात घ्या. ऑक्टोबरमध्ये याच पोरांनी फातोर्ड्यात अल नासरशी सामना केला होता, १-२ ने हरले पण मान खाली घालावी असं काही नव्हतं. (रोनाल्डो आला नाही म्हणून आमचा भाऊ आठवडाभर रुसून बसलेला.) डिसेंबरात यांनी सुपर कप जिंकला. म्हणजे काम चोख केलं, चषक आणला, आणि पुढच्या महिन्यात पगार कमी.

आता श्लोकांकडे. भगवंत म्हणतात, द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेलं दान सात्त्विक. परतफेडीच्या आशेने, फळावर डोळा ठेवून किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेलं राजस. चुकीच्या जागी, अपात्राला, मान न राखता, तुच्छतेने दिलेलं तामस. राजस दानासाठी माउलींनी दिलेला दृष्टांत कोकणातल्या माणसाला लगेच कळतो: मनात दुधाचा हिशोब ठेवून गाईला चारा घालणं. आमच्या घरी पावसच्या स्वामी स्वरूपानंदांची अभंग ज्ञानेश्वरी आहे. आई त्यातून हा भाग वाचताना नेहमी इथे थांबून हसते, कारण आमच्या आजोबांची एक गाय होती आणि ती आटली की तिचा चारा कसा कमी व्हायचा हे तिने पाहिलंय.

मी आजवर सात्त्विक दानातल्या "योग्य वेळ, योग्य जागा" याच शब्दांवर थांबायचो. "अनुपकारी" या शब्दावरून मात्र घसरत जायचो. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही आणि जो पुढेही करू शकणार नाही, त्याला दिलेलं. आता क्लब बघा. क्लब खेळाडूला पगार देतो, पुढच्या हंगामाचा करार देतो. क्लब जगला तर खेळाडूची नोकरी जगते. मग क्लबसाठी सोडलेला पगार सात्त्विक दानात बसतच नाही. वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो शहाणपणाचा व्यवहार असेल. बुडत्या होडीतलं पाणी उपसणाऱ्याला कोणी दानशूर म्हणत नाही, पण उपसू नको असंही कोणी सांगत नाही.

पण क्लबमध्ये अनुपकारी माणसं असतात. जर्सी धुणारे, मैदानाचं गवत राखणारे, गेटवरचे, बस चालवणारे. त्यांच्याकडून खेळाडूला कसलीच परतफेड मिळायची नाही. म्हणून मला वाटतं कपातीचे दोन भाग करून पाहावेत: किती पैसे मालकाच्या वहीत गेले आणि किती या माणसांच्या घरी.

२०२० च्या कोरोनाकाळात हे दोन्ही प्रकार जगाने पाहिले. बार्सिलोनाच्या खेळाडूंनी ३० मार्चला जाहीर केलं की आम्ही ७० टक्के पगार सोडतो, आणि क्लबमधल्या बाकी कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळावा म्हणून वर आणखी रक्कम घालतो. मेस्सीच्या त्या निवेदनात एक नाराजीही होती. आम्ही हे करणारच होतो, तरी क्लबच्या आतूनच काही लोक आमच्यावर दबाव आणत राहिले, असा सूर. मला त्या निवेदनातलं हेच जास्त खरं वाटतं. द्यायला निघालेल्या हाताला कोणी मागून धक्का दिला की देण्यातली चव जाते, हे घरात आहेर देताना सुद्धा आपण अनुभवतो.

दुसरीकडे आर्सेनल. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या खेळाडूंनी साडेबारा टक्के कपात मान्य केली. मेसुत ओझिलने नकार दिला. क्लबमधला सगळ्यात महागडा खेळाडू तो, त्यामुळे लोकांनी त्याला लोभी म्हटलं. त्याचं म्हणणं होतं की हे पैसे नेमके कुठे जाणार ते आधी सांगा. ऑगस्टमध्ये क्लबने ५५ जणांच्या नोकऱ्या काढायचं ठरवलं. ज्यांच्या नावावर सह्या घेतल्या गेल्या असं खेळाडूंना वाटत होतं, तीच माणसं! पुढे ऑक्टोबरमध्ये तिथल्या डायनोसॉरच्या पोशाखातल्या मॅस्कॉटचं काम गेलं, तेव्हा ओझिलने जाहीर केलं की मी या क्लबमध्ये आहे तोवर त्याचा पगार मी देतो. आता हे दान सात्त्विक की राजस? ट्विट करून केलं, क्लबला टोमणाही होता. मी त्याला अर्धे मार्क देईन. पण त्याचा एप्रिलमधला प्रश्न पूर्ण मार्कांचा होता.

इथे कोणी म्हणेल, तू मालकांना फार झोडपतोस. नाही. आपल्याकडे फुटबॉल क्लब चालवून कोणी श्रीमंत झालेलं नाही. वर्षानुवर्षं तोटा सोसून लोकांनी संघ ठेवलेत आणि एके दिवशी हात टेकलेत. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. गोव्यात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. मालक सोडून जाऊ शकतो, तो त्याचा हक्क. खेळाडूचं तसं नाही. पस्तिशी आली की त्याचं दुकान बंद, आणि हंगाम फुकट गेला तर ते वर्ष पुन्हा मिळत नाही. मी ३५ नंतरही कोड लिहीन, चष्म्याचा नंबर वाढेल इतकंच.

तिसऱ्या अध्यायात यज्ञाचं चक्र सांगितलंय. देव आणि माणसं एकमेकांना पोसतात, आणि मिळालेलं परत न देता एकटाच भोगतो त्याला भगवंत सरळ चोर म्हणतात. हा श्लोक कपातीच्या वेळी नेहमी खाली बसलेल्यांना ऐकवला जातो. पण चक्र आहे ते, त्याला वरची आणि खालची बाजू कुठून आली? धोब्याचा पगार अडलेला असताना कोट्यवधीचा करार कवटाळणारा स्टार त्यात सापडतो, आणि सह्या घेऊन नंतर माणसं काढणारा क्लबही.

हे सगळं मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण यात माझा स्वतःचा एक हिशोब आहे.

२०२० मध्ये मी पुण्यात एका कंपनीत टीम लीड होतो. मेअखेरीस एचआरचा ईमेल आला: कठीण काळ आहे, सर्वांनी "स्वेच्छेने" २० टक्के कपात मान्य असल्याचा फॉर्म भरावा. सोबत माझ्या टीमची एक्सेल शीट, आणि शेवटच्या कॉलममध्ये कोणी भरला, कोणी नाही. ज्या चेकबॉक्सवरची टिक काढता येत नाही त्याला आम्ही इंजिनिअर लोक इनपुट म्हणत नाही, तो नुसता डिस्प्ले असतो. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी पहिल्या तासात भरला. कारण सरळ होतं, वर्षअखेरीचं अप्रेझल. गाय, चारा, दूध.

टीममध्ये एकच नाव रिकामं राहिलं. दापोलीकडचा मुलगा, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं, त्याच्या घराचे पत्रे गेले, सुपारीची बाग आडवी झाली. तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. घराची चौकशी केली, ती खरीच केली. मग म्हटलं, "अरे, तो फॉर्म राहिलाय तुझा. बघ, गीतेत यज्ञ सांगितलाय ना, सगळ्यांनी थोडं थोडं सोडलं तर सगळे तरतील." तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तू म्हणतोस म्हणजे करतो." दहा मिनिटांत शीट हिरवी झाली.

ऑफिसमधली हाऊसकीपिंगची माणसं त्याआधीच कमी केली होती, हे मला महिनाभराने कळलं. मी विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षी पगार पूर्ववत झाले, कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत, आणि नफा वाढल्याची बातमी आम्हाला मोठ्या आनंदाने सांगण्यात आली.

आजचे तिन्ही श्लोक देणाऱ्याबद्दल आहेत. दुसऱ्याला द्यायला लावणाऱ्याबद्दल त्यात काही नाही. पण त्या मुलाचं दान क्लेशाने दिलेलं झालं, ते कोणामुळे? माझंही राजसच होतं, पण निदान ते माझं होतं.

तर भावाला मी पुन्हा फोन केला आणि उत्तर दुरुस्त केलं. गोव्याच्या पोरांनी कपात घेतली ते बरोबर केलं असं मला वाटतं. लीगच नसती तर त्या पगाराच्या आकड्याला काय अर्थ होता? बंगळुरूसारखा पगार परस्पर थांबवण्यापेक्षा विचारून कमी करणं शंभर पटीने बरं. पण त्याला त्याग म्हणायचा हक्क फक्त त्या पोरांना आहे. तुला नाही, मला नाही, क्लबला तर अजिबात नाही. आणि ज्याने नाही म्हटलं असेल त्याच्याकडे बोट दाखवू नकोस, त्याच्या घराचे पत्रे आपल्याला दिसत नाहीत. भाऊ म्हणाला, "बरं, आणि किटवाल्यांना पूर्ण मिळाला का पगार?" मी म्हटलं, तू फातोर्ड्याला जातोस, तूच गेटवर विचार.

मग दापोलीच्या त्या मुलालाही लावला फोन. तो आता बंगळुरूला असतो, स्वतः टीम सांभाळतो. मी अडखळत माफी मागितली. तो हसला. "वीस टक्क्यांचं काही नाही रे दादा, ते केव्हाच भरून निघालं. पण तेव्हा गीता मध्ये आणायला नको होतीस."

मी हो म्हटलं.

उद्या २३वा श्लोक. राम कृष्ण हरी.