झऱ्याच्या उगमाशी
शास्त्रभाग : २ राजे २:१९-२२

नगर चांगले आहे पण पाणी वाईट आहे, हे यरीहोच्या लोकांनी अलीशाला आपल्याच तोंडाने सांगितले. तेथूनच त्यांचे आरोग्य सुरू झाले.

एका पावसाळ्यात आमच्या घरच्या विहिरीचे पाणी काचेसारखे नितळ होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. शेजारच्या मुलाला जुलाब लागले तेव्हा पाणी तपासून घेतले. ते दूषित निघाले. ब्लीचिंग पावडर टाकली. काही दिवसांनी पुन्हा तेच! दोष आमच्याच अंगणात होता. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून जेमतेम २० फुटांवर. तो निदान ५० फूट तरी दूर हवा. पाणी भरायला येणाऱ्यांना हे सांगताना मान खाली गेली, पण सांगितले. ते पाणी उकळून पिऊ लागले. आम्ही खड्डा बंद करून विहिरीच्या खालच्या अंगाला दूर नवा खणला, विहीर उपसली आणि मग औषध टाकले. पुढच्या तपासणीत पाणी चांगले निघाले.

अलीशाने घागरींत मीठ टाकले नाही. तो झऱ्याच्या उगमाशी गेला, आणि पाणी निरोगी केले ते परमेश्वराने. आपण मात्र रविवारी पश्चात्तापाचे शब्द बोलतो आणि सोमवारी मनातला आकस, खोटा हिशेब तसाच झिरपू देतो. नितळ दिसणारे आपले जीवन प्रभूपुढे तपासणीस ठेवू या. ज्याचे नुकसान झाले त्याच्यापाशी जाऊन कबूल करू या. आपल्या विहिरीवर शेजाऱ्यांची लेकरेही पाणी पितात. आमेन.