अर्ज, दाखला आणि गैरत

आपल्या घरांत एक शब्द फार अदबीने उच्चारला जातो : सफेदपोश. अंगावर इस्त्रीचे कपडे, दारात आलेल्याला चहा, आणि आत पिठाचा डबा रिकामा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत २७३) अशा गरजूंचा आदराने उल्लेख आहे. ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. त्यांचा संयम पाहून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. ही खुद्दारी आम्हालाही प्रिय आहे. पण तीच मुलाच्या कॉलेजच्या फीआड उभी राहिली तर काय करावे?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा प्रश्न दरवर्षी जून-जुलैत दार ठोठावतो. इथली कमाई हंगामाची. तेंदूपत्त्याचे काम उन्हाळ्यातल्या थोड्या दिवसांचे. आठवडी बाजारात कपडे-बांगड्या विकणाऱ्याचा धंदा पावसावर अवलंबून. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद. कोळसा खाणीत ठेकेदाराकडे असलेल्याचे काम ठेक्याबरोबर संपते. आणि नेमकी याच दिवसांत प्रवेशाची यादी लागते. कॉलेज थोडीफार सवलत देते, पण ती मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर. तलाठ्याचा अहवाल आणि तहसीलदाराचा दाखला सरलेल्या वर्षाबद्दल बोलतात. घरातली अडचण मात्र चालू वर्षाची असते. अशा वेळी प्राचार्यांकडे फेरविचाराचा अर्ज करायचा, तर अब्बा म्हणतात, “कुणापुढे हात पसरायचा नाही.”

अब्बांचे म्हणणे धर्माला सोडून नाही. देणारा हात घेणाऱ्या हातापेक्षा श्रेष्ठ, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु सहीह मुस्लिममध्ये हजरत कबीसा यांची एक हदीस आहे, तीही ऐकायला हवी. मागण्याची मुभा तिघांना आहे, असे पैगंबरांनी (स.) त्यांना सांगितले. समेटासाठी दुसऱ्याच्या देण्याचा बोजा अंगावर घेणारा, आपत्तीत मालमत्ता गमावलेला, आणि ज्याच्या हलाखीची साक्ष त्याच्याच लोकांतली तीन समंजस माणसे देतील असा. मुभाही गरज भागेपर्यंतच. म्हणजे मागणे सरसकट निषिद्ध नाही; त्याला कारण हवे, साक्ष हवी आणि मर्यादा हवी.

आम्हाला वाटते, चांगला अर्ज याच तीन गोष्टींचा बनतो. कारण : काम कधी सुटले, आजारपणात किती गेले. साक्ष : काम संपल्याचे पत्र, दवाखान्याची बिले, बँकेचे पासबुक. मर्यादा : नेमके काय हवे, हप्ते की सूट, आणि किती. यात रडगाणे नाही, लाचारी नाही. उलट, ओळखीने उत्पन्न कमी दाखवून दाखला मिळवणारा खरा हात पसरतो, कारण तो दुसऱ्या गरजूच्या ताटातले उचलतो. दाखला कमी करून घेण्यात ज्याला लाज वाटत नाही आणि खरा अर्ज लिहिण्यात वाटते, त्याची गैरत उलटी बसली आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, तेव्हा सोबत स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज होते. हेच बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्यात धम्मदीक्षा द्यायला आले. शिक्षणासाठी मदत मागितली म्हणून त्यांचा स्वाभिमान तसूभरही उणा झाला, असे चांद्यातले कुणी म्हणेल का?

दुसरी बाजूही आहे. बरीचशी मदत दान नसून हक्क असते. आपल्यातल्या अनेक जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. जातीचा दाखला काढायला संकोच म्हणून ती सोडून देणे, याला खुद्दारी म्हणता येत नाही. मौलाना आझाद फेलोशिप २०२२ साली बंद झाली. असे एक दार बंद होते तेव्हा एकेकट्याने गप्प बसून भागत नाही. सर्वांनी मिळून विचारावे लागते.

आणि देणाऱ्यांनी काय करावे? जकात कमिटीने चेक देताना फोटो काढू नये. कार्यालयातल्या बाबूने वडिलांचे आजारपण रांगेतल्या सगळ्यांना ऐकवू नये. अर्जदार आपल्या घराचा पडदा थोडा बाजूला करतो, तो अमानत म्हणून. सफेदपोशाचे कपडे सफेद राहू देणे ही देणाऱ्याची जबाबदारी आहे.

अब्बांना आम्ही अदबीने एवढेच म्हणू : आपली इज्जत आपण आयुष्यभर सांभाळली, ती एका खऱ्या अर्जाने जाणार नाही. मात्र शिक्षण सोडून मुलगी घरी बसली, तर तिचे गेलेले वर्ष कुणाच्याही गैरतीने परत येणार नाही. अर्जावर पालकाच्या सहीची जागा असते. तिथे सही करावी, आणि ती ताठ मानेने करावी.