दैवाचा वाटा

मे महिन्याच्या सुट्टीतील प्रवासाची तिकिटे पौष-माघातच काढून ठेवण्याची रीत आपल्याकडील मध्यमवर्गीय कुटुंबांत आता चांगली रुळली आहे. वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक हाती येण्यापूर्वीच काश्मीरच्या किंवा केरळच्या सहलीची रक्कम भरलेली असते, परदेशी स्थायिक झालेल्या मुलीने नाताळच्या रजेत माहेरी येण्याची तारीख कळविलेली असते, आणि एवढ्या आधी पैसे गुंतविण्यात काही धाडस आहे असे पूर्वी कोणाच्या मनातही येत नसे. परंतु २०२० साली करोना विषाणूच्या साथीमुळे २२ मार्चच्या मध्यरात्रीनंतर देशाबाहेरून येणारी नियमित प्रवासी विमाने बंद झाली, २४ मार्चच्या मध्यरात्री देशांतर्गत उड्डाणेही थांबली, आणि एका हुकुमाची मुदत सरण्यापूर्वीच दुसरा हुकूम निघावा असा क्रम सुरू झाला, तेव्हा पुढल्या तारखेचे तिकीट काढावे की न काढावे, या वरकरणी केवळ व्यवहाराच्या प्रश्नाखाली धर्मविचारातील एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे, हे विचारी माणसाच्या ध्यानात येऊ लागले. जे आपल्या स्वाधीन नाही त्याविषयी संकल्प करण्याचा आपल्याला अधिकार काय, आणि तो संकल्प मोडला तर त्याचा बोल कोणाला लावावयाचा?

त्या काळात या प्रश्नाला घरोघर एकच उत्तर मिळे: देवाच्या मनात नव्हते. हे उत्तर मी क्षुल्लक मानीत नाही. ज्या वृद्धेला आपला नातू दोन वर्षे दृष्टीस पडला नाही, तिने हे शब्द उच्चारले तेव्हा त्यांत शरणागतीचे बळ होते; आपला शोक तिने कोणाच्याही अंगावर न टाकता पचविला, आणि अशा पचविण्यालाच मी धर्म म्हणतो. परंतु तिकिटाचे पैसे ज्याच्या ताब्यात आहेत त्याच्या तोंडी जेव्हा हेच उत्तर येते, प्रसंगच असा ओढवला, त्याला आम्ही काय करणार, असे जेव्हा तो म्हणतो, तेव्हा शब्दांचा अर्थ जवळपास तोच राहूनही त्यांतले पुण्य नाहीसे होते. असे का व्हावे, याचा शोध घेतल्यावाचून मूळ प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. ही गणना मला फार मोलाची वाटते. तीत दैव नाकारलेले नाही, आणि माणसाचा पुरुषार्थ म्हणजेच सर्व काही, असा दर्पही तीत नाही. परंतु दैव पाचवे आहे, आणि पहिल्या चारांचा हिशेब पुरा केल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविण्याची मुभा त्यातून मिळत नाही, निदान मी तरी त्याचा अर्थ असा लावतो. मग त्या दोन वर्षांत मोडलेल्या प्रवासांत दैवाचा वाटा केवढा होता?

विषाणू हा दैवाच्या खाती घालावा. त्याचे कोणते रूप कोणत्या महिन्यात उद्भवेल हे सांगणे कोणाही शास्त्रज्ञाच्या आवाक्यातले नव्हते. या दृष्टीने २६ नोव्हेंबर २०२१ हा दिवस विलक्षण आहे. वीस महिने बंद असलेली नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी वाहतूक १५ डिसेंबरपासून पुन्हा सुरू करण्याचा निर्णय भारत सरकारने त्या दिवशी जाहीर केला, आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या एका नव्या रूपाला ‘ओमिक्रॉन’ हे नाव देऊन ते चिंताजनक ठरविले. १ डिसेंबर रोजी तो निर्णय तहकूब झाला. निवडक देशांशी झालेल्या विशेष करारांखालची विमाने तेवढी चालू राहिली, आणि नियमित उड्डाणे सुरू व्हावयास २७ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या त्या चार-पाच दिवसांत ज्यांनी हर्षाने नाताळच्या सुट्टीचे बेत ठरविले असतील, त्यांच्या निराशेबद्दल कोणावर दोष ठेवावा? जे ज्ञात होते त्यावरून निर्णय झाला, आणि नवे ज्ञात झाल्यावर तो फिरविला गेला. अशा ठिकाणी दैवापुढे मान लवविणे हेच शहाणपण होय.

परंतु २०२० च्या एप्रिलमधील गोष्ट निराळी आहे. २५ मार्चला आरंभ झालेल्या पहिल्या टाळेबंदीची मुदत १४ एप्रिलपर्यंत होती, आणि ती चालू असतानाच तिच्या पलीकडील तारखांची तिकिटे विकली जात होती. मुदत ३ मेपर्यंत वाढली. ती उड्डाणे झाली नाहीत. मुदत वाढणारच, हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते हे खरे, परंतु ती वाढणार नाही अशी खात्रीही त्याच्यापाशी नव्हती, आणि विमान उडाले नाही तर होणारी हानी सोसण्याचे सामर्थ्य घेणाऱ्यापेक्षा त्याच्यापाशी अधिक होते. त्या अवधीत काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करावेत, असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने १६ एप्रिलला सांगितले. मात्र टाळेबंदीचे नावही निघण्यापूर्वी, केवळ विश्वासाने, ज्यांनी रक्कम भरली होती त्या बहुसंख्य प्रवाशांच्या हाती ‘क्रेडिट शेल’ पडले, म्हणजे रक्कम कंपनीकडेच जमा राहून पुढे केव्हातरी तिच्याच विमानाने जाण्याचा हक्क. पुढे २५ मे रोजी एक तृतीयांश प्रमाणात देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली, तेव्हा राज्याराज्यांच्या अटी शेवटच्या घटकेपर्यंत ठरत राहिल्या, मुंबईला दिवसाकाठी पंचवीस विमाने निघण्याची आणि पंचवीस उतरण्याची परवानगी मिळाली, आणि पहिल्याच दिवशी देशभरात शेकडो उड्डाणे रद्द होऊन माणसे पहाटे विमानतळावर येऊन परतली. हे सारे अटळ होते काय? विषाणूने पंचवीस हा आकडा ठरविला नव्हता, आणि तो प्रवाशाला आदल्या रात्रीपर्यंत कळू नये, हेही विषाणूने ठरविले नव्हते.

कंपन्यांची अडचण मी खोटी मानीत नाही. आगाऊ तिकिटांचा पैसा कोठे पेटीत राखून ठेवलेला नसतो. त्यातून आजचे इंधन, आजचे पगार, विमानांचे आजचे भाडे भागविले जाते, आणि विमाने जमिनीवर उभी राहिली म्हणून विमानाचे भाडे थांबत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात हा विचार केला. टाळेबंदीच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे तात्काळ परत मिळावेत. आधीच्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत परत करावेत, परंतु आर्थिक विपत्तीमुळे ज्या कंपनीला ते शक्य नसेल तिने ३१ मार्च २०२१ पर्यंतच्या मुदतीचे क्रेडिट शेल द्यावे, त्याचे मूल्य जून २०२० अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का वाढत जावे, ते दुसऱ्याच्या नावे करता यावे, आणि मुदतीअंती न वापरलेली रक्कम परत करावी, अशी ती व्यवस्था होती. व्याजाचे हे पाऊण टक्के माझ्या दृष्टीने रकमेपेक्षा मोठे आहेत. ज्याचे पैसे अडकले तो दैवाच्या फेऱ्यात सापडलेला अभागी नसून सावकार आहे, आणि ज्याने ते अडकविले तो ऋणको आहे, हे त्या आकड्याने मान्य केले.

धर्मराजाची एक कथा कीर्तनांतून सर्वतोमुखी झालेली आहे. दारी आलेल्या याचकाला त्याने ‘उद्या ये’ असे म्हटले, आणि ते ऐकताच, माझ्या भावाने एका दिवसापुरते काळाला जिंकले, असे पुकारीत भीमाने नगारा वाजविला. उद्याचा भरवसा धरू नये, एवढेच तात्पर्य या कथेतून काढले जाते, आणि मला ते नेहमी अपुरे वाटत आले आहे. युधिष्ठिराने ‘उद्या मी मृगयेला जाईन’ असे म्हटले असते तर भीमाला नगाऱ्याकडे धावण्याचे कारण पडले नसते. दान आज द्यावयाचे होते, देण्याची शक्ती आज होती, आणि तरीही ते उद्यावर ढकलले गेले, तेव्हाच काळ जिंकल्याचा दावा झाला. पुढच्या डिसेंबरात आईला भेटावयाचे म्हणून आज तिकीट काढणारी मुलगी असा काही दावा करीत नाही. ती आपला आजचा पैसा आणि आजचा शब्द देते, आणि उद्याची आशा करते. आजचे देणे वर्षाने देऊ असे जो ऋणकोला साजणाऱ्या नम्रतेवाचून सांगतो, त्याच्यासाठी भीमाचा नगारा आहे.

फलत्यागाच्या उपदेशाचेही असेच आहे. फळावर अधिकार सांगू नये, हे वचन माणसाने स्वतःच स्वतःला ऐकवावयाचे असते. ते आतून आले तर चित्त शांत होते, मोडलेल्या बेताचे ओझे हलके होते, आणि पुन्हा नवा संकल्प करण्याची उमेद येते. पण ज्याच्या तिजोरीत माझे फळ पडले आहे, त्याने मला अनासक्तीचा महिमा सांगावा, हे धर्माचे नव्हे, लुबाडणुकीचे लक्षण होय. ज्यांच्या सुट्टीचे बेत विस्कटले त्यांना कित्येकांनी त्या काळात, जग मरणाच्या दारी उभे असता तुम्हाला सहलीची आणि पैशाची काय पडली आहे, असे सुनावले. मला हे बोलणे निर्दय वाटते. वर्षभर काटकसर करून ज्यांनी मुलांना एकदा समुद्र किंवा बर्फ दाखवावे म्हटले, त्यांची इच्छा इतरांच्या मोठ्या दुःखापुढे लहान ठरते, पण तेवढ्याने ती अधर्म्य ठरत नाही.

तर मग अशा अनिश्चित काळात संकल्प करावा काय? आपल्याकडे ‘प्रस्थान ठेवण्याची’ एक जुनी चाल होती. मुहूर्त येऊन ठेपला आहे पण काही अडचणीमुळे निघता येत नाही, अशा वेळी प्रवासी आपले एखादे वस्त्र किंवा तांदूळ-सुपारी जावयाच्या दिशेकडील दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवी, आणि मग प्रवासाचा आरंभ त्या मुहूर्तावरच झाला असे मानले जाई. उद्या माझ्या हाती नाही हे पूर्ण जाणूनही, माझे मन निघाले आहे याची खूण ती वस्तू पटवीत असे, आणि ज्याच्या घरी ती ठेवली त्याने ती सांभाळावी व मागताच द्यावी, हे त्या चालीत गृहीतच होते. २०२० च्या आषाढीपूर्वी हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १२ जूनला देहूहून आणि १३ जूनला आळंदीहून पालख्यांचे प्रस्थान तिथीप्रमाणे मोजक्या मंडळींच्या उपस्थितीत झाले, पण पादुका वाटेला न लागता तेथेच राहिल्या. ३० जून रोजी त्या एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या आणि १ जुलैला एकादशी झाली. पायी चालण्यावाचून वारी कसली, असे ज्यांना वाटले त्यांची तळमळ मी समजू शकतो, परंतु प्रस्थान झाले नव्हते असे कोणी म्हणू शकेल काय?

त्याच सुमारास मुंबईतील हज हाउसच्या इमारतीत, जेथे भारतीय हज समितीचे मुख्य कार्यालय आहे, तेथे आणखी एक मोठा संकल्प अडला होता. सौदी अरेबियाने त्या वर्षी आपल्या देशात आधीपासून राहणाऱ्या थोड्या लोकांनाच हजची परवानगी दिली, आणि २३ जूनला भारत सरकारने जाहीर केले की यंदा येथून कोणी जाणार नाही आणि दोन लाखांहून अधिक अर्जदारांची भरलेली रक्कम काहीही कापून न घेता परत केली जाईल. ज्याला शक्य आहे त्याच्यावरच हजचे कर्तव्य येते, असे इस्लामी धर्मशास्त्र मानते. त्यामुळे वाट बंद झाली म्हणून नियत मोडली असा दोष कोणावर आला नाही, आणि नियत आहे म्हणून पैसे दाबून ठेवावेत असेही झाले नाही. ईश्वराशी असलेला हिशेब आणि माणसांमधला हिशेब येथे एकमेकांत मिसळू दिले नाहीत, आणि याबद्दल त्या निर्णयाविषयी मला आदर वाटतो.

२०२१ सालीही भारतातून कोणी गेले नाही. २०२२ साली वाट उघडली, तेव्हा यात्रेकरूचे वय पासष्टच्या आत असावे अशी अट सौदी शासनाने घातली. ज्यांनी २०२० च्या हजसाठी अर्ज केला होता आणि मधल्या दोन वर्षांत ज्यांनी पासष्टावे ओलांडले, त्यांच्यापाशी रक्कम होती, नियत होती, शरीरात चालण्याचे बळही होते, आणि तरी जाता येत नव्हते. आयुष्यातली दोन वर्षे कोणत्याही न्यायालयाला व्याजासह परत करता आली नसती. पै न पै फेडल्यानंतरही जे असे शिल्लक राहते, त्यालाच मी दैवाचा वाटा मानतो, आणि देवाच्या मनात नव्हते हे शब्द उच्चारण्याचा अधिकार त्या वृद्धांचा होता, दुसऱ्या कोणाचा नव्हता. २०२३ साली ती अट उठली, आणि ज्यांची प्रकृती तोवर साथ देत होती त्यांना पुन्हा अर्ज करण्याची वाट मोकळी झाली.