तळ्याचा बत्तिसावा भाग

लोणारच्या विवराच्या काठावर उभे असता आमच्याबरोबरच्या शाळकरी मुलाने आम्हांस पुस्तकातले एक उदाहरण घातले. तळ्यातील शेवाळ रोज दुप्पट होते आणि तिसाव्या दिवशी तळे पूर्ण भरते. तर ते अर्धे केव्हा भरले? ‘पंधराव्या दिवशी,’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. उत्तर एकोणतिसावा दिवस असे होते! आपले मन बेरजेने चालते, आणि सृष्टीतील पुष्कळ गोष्टी गुणाकाराने चालतात.

पंचविसाव्या दिवशी त्या तळ्याचा केवळ बत्तिसावा भाग हिरवा असतो. त्या दिवशी जो धोका सांगेल त्यास लोक हसतील, आणि डोळ्यांची साक्ष हसणाऱ्यांच्याच बाजूची असेल. मग ज्यास हिशेब येतो, त्याचे कर्तव्य काय?

समोरच्या खाऱ्या सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले, तेव्हा क्षारांत वाढणारे सूक्ष्मजीव कारणीभूत असल्याचे दिसले. पाणी आटून खारटपणा वाढला होता. असे जीव एकाचे दोन, दोनांचे चार असे वाढतात. रंग डोळ्यांत भरतो तो अखेरच्या काही दुपटींत. अर्थात खऱ्या तळ्यात अन्न संपते, पाऊस येतो आणि वाढ थांबते. पुस्तकातल्या तळ्यावर पाऊस पडत नाही.

सावकारी कर्जावरही पडत नाही. ‘शेकडा दोनच रुपये महिना’ हे शब्द आपण सर्वांनी ऐकले आहेत. व्याज मुदलात मिळवत गेले आणि काहीच फेडले नाही, तर ती रक्कम तीन वर्षांत दुप्पट आणि बारा वर्षांत सोळापटींहून अधिक होते. देणारा खोटे बोलला काय? आकडा तर खरा होता. तरीही समोरच्याच्या अज्ञानावर विसंबून सांगितलेले सत्य आम्हांस असत्याहून फारसे दूर वाटत नाही. कागदावर साक्षीची सही करताना ज्याने मनात हिशेब केला आणि तोंड उघडले नाही, त्याच्याविषयीही आमचे मत तेच आहे. तो बहुधा नात्यातलाच असतो.

उतारावर मुलाने विचारले, हे विवर किती जुने? ऊष्मादीप्तीच्या पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षांचे ठरले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अरगॉन-मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षांचे ठरले. त्यात ४७,००० वर्षे मागेपुढे. येथे गुणाकार उलटा चालतो. खडकातील पोटॅशियम-४० निम्मे होण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात आणि त्याच्या काही अंशाचा अरगॉन वायू होतो. उल्केच्या आघाताने खडक वितळतो, जुना अरगॉन निसटतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. थोडा मागे राहिला तर वय फसवे निघते, म्हणून त्याचाही हिशेब धरावा लागतो.

आम्ही वहीत आकडे मांडून पाहिले. इतक्या प्रदीर्घ काळात लाख अणूंमागे जेमतेम बत्तीस बदलले, आणि त्यांतील तीन-चारच अरगॉन झाले. लाखांत तीन-चार! कोणीतरी एवढ्याशा गोष्टीचीही दखल घेतली, म्हणून या दगडाचे वय कळले. मुलाने वही परत मागून घेतली आणि शेवाळाच्या उदाहरणाखाली पंचविसाव्या दिवसाचा आकडा लिहिला.